स्वालबार्डची सफर : जाण्याआधी परतीचा बंदोबस्त

धंद्यात दोन पैसे हाती आले की आपले व्यापारी बांधव काश्मीर, दुबई, तुर्कस्तानची सफर करतात. आता काहींची नजर उत्तर ध्रुवाकडे वळली आहे. नॉर्वेच्या ताब्यातील स्वालबार्ड बेटांविषयी आमच्याकडे विचारणा होते. आम्ही तेथे जाऊन आलो. पण पहिल्या खेपेला ठोकर खाल्ली. तशी ती इतरांनी खाऊ नये म्हणून हा मजकूर.

ही बेटे नॉर्वे आणि उत्तर ध्रुव यांच्या मधोमध आहेत. सुमारे ६० टक्के जमीन हिमनद्यांखाली आहे. मुख्य गाव लाँगइयरब्येन. वस्ती अडीच हजारांच्या आसपास. कोळशाच्या खाणीसाठी १९०६ साली ते वसले. ऑस्लोहून विमानाने सुमारे तीन तास लागतात.

आता कागदपत्रे. १९२० च्या पॅरिस करारानुसार स्वालबार्डला व्हिसा लागत नाही. त्या करारात हिंदुस्थानचेही नाव आहे. हे ऐकून पुष्कळजण बेफिकीर होतात आणि येथेच फसतात. तेथे जायचे तर नॉर्वेतून जावे लागते आणि नॉर्वेसाठी शेंगेन व्हिसा हवा. स्वालबार्ड मात्र शेंगेनच्या बाहेर. म्हणजे ऑस्लोहून निघालात की तुम्ही शेंगेन सोडलेत; परतताना पुन्हा प्रवेश. म्हणून व्हिसा दोन प्रवेशांचा पाहिजे.

आमच्या एजंटाने अर्जात एकच प्रवेश लिहिला. पासपोर्ट हाती आला तेव्हा प्रवेशांच्या रकान्यात ०१ दिसले. निघायला चार दिवस उरले होते. तिकिटाचे आणि हॉटेलचे पैसे बुडाले, सफर पुढच्या वर्षावर गेली. दोष एजंटाचा, पण अर्ज न वाचता सही करणारे आम्हीच. मालाचे बिल आपण तीनदा तपासतो; हा कागदही तसाच तपासावा.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. पंधरा दिवसांहून कमी उरले तर उशीर झाला. जून २०२४ पासून प्रौढांची फी ९० युरो आहे. किमान ३०,००० युरोचा आरोग्य विमा लागतो. त्यात स्वालबार्ड आणि तेथील शोध व बचावाचा खर्च धरला आहे का, हे विचारून घ्यावे. तेथील दवाखाना लहान आहे. मोठ्या आजाराला विमानाने नॉर्वेत न्यावे लागते.

मार्च ते मेच्या सुरुवातीपर्यंत बर्फावरची सफर, जून ते ऑगस्ट बोटीने हिमनद्यांपर्यंत. एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीला जाणारा रस्ता नाही. वस्तीबाहेर पांढऱ्या अस्वलाचा धोका असतो, म्हणून शस्त्रधारी वाटाड्याशिवाय पाऊल टाकू नये. २०२५ पासून अस्वलापासून किमान ३०० मीटर आणि १ मार्च ते ३० जून या काळात ५०० मीटर दूर राहण्याचा कायदा आहे.

कपड्यांबाबत आपल्या धंद्याची गोष्ट. सुती कापड घाम शोषते, हा गुण आपण गिऱ्हाइकाला सांगतो. तेथे तोच गुण वैरी होतो. ओले सूत अंगाची ऊब ओढून घेते. लोकर ओलसर झाली तरी तिच्या कुरळ्या धाग्यात हवा अडकून राहते आणि ऊब टिकते. म्हणून अंगालगत पातळ लोकर, त्यावर जाड लोकर, वरून वारा अडवणारे घट्ट विणीचे कापड. एकाच जाड कोटापेक्षा हे तीन थर बरे.

नमाजेचा प्रश्न सर्वात मोठा. साधारण २० एप्रिल ते २३ ऑगस्ट सूर्य मावळतच नाही. ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत उगवत नाही. मग मगरिब केव्हा, फजर केव्हा? सहीह मुस्लिममधील दज्जालविषयक हदीसमध्ये वर्षाएवढ्या लांब दिवसाचा उल्लेख आहे. अशा दिवशी अंदाज बांधून नमाजेच्या वेळा ठरवाव्यात, अशी शिकवण त्यात मिळते. त्या आधारे कोणी उलमा जवळच्या, दिवस-रात्र वेगळे होणाऱ्या शहराचे वेळापत्रक धरायला सांगतात, कोणी मक्केचे. आपल्या आलिमसाहेबांना निघण्याआधी विचारून वेळा कागदावर लिहून घ्याव्यात. येथे आपण पश्चिमेला तोंड करतो. तेथे किबला दक्षिणेकडे, किंचित पूर्वेला आहे. मांसाची खात्री नसेल तर मासा, भाजी आणि सोबतचा शिधा यांवर दिवस काढता येतात.

शेवटी कारागीर बांधवांना एक इशारा. करारामुळे तेथे राहायला परवाना लागत नाही, हे खरे. पण राहायला घर मिळणे कठीण, सरकारी मदत नाही आणि पोट भरण्याची ऐपत नसलेल्याला गव्हर्नर परत पाठवू शकतो. म्हणून ‘बिनव्हिसाचा मुल्क, नोकरी पक्की’ म्हणणाऱ्याच्या हाती पैसे देऊ नयेत.

हजचे फर्ज बाकी असेल तर आधी ते. व्याजाने पैसे उचलून तर ही सफर करूच नये. ऐपत असेल, कागद दुरुस्त असतील, तर अल्लाहची ही कुदरत जरूर पाहावी. मात्र जाण्याच्या तिकिटाआधी परतीचा हक्क पासपोर्टवर पाहून घ्यावा.