आमरसाचा डबा वर्षभर कसा टिकतो?

मे सरत आला की रत्नागिरी-देवगडकडचा बराचसा हापूस ‘कॅनिंगला’ जातो. त्यात लहान, डागी, पेटीत न बसणारी फळं असतात. त्यांचा रस डब्यात बंद झाला की फ्रीजशिवाय पुढच्या पाडव्यापर्यंत सहज टिकतो. हे कसं साधतं, ते टप्प्याटप्प्यानं पाहू.

रस बिघडवणारे दोन असतात. एक म्हणजे सालीवरून, देठावरून आणि मातीतून येणारे जिवाणू, यीस्ट व बुरशी. दुसरं म्हणजे गरातलीच विकरं, जी रंग आणि चव पालटवतात. दोघांनाही उष्णता आवरते. पण उष्णता किती द्यायची, हे बरंचसं आंबटपणावर ठरतं.

इथं पीएच ४.६ ही सीमा फार महत्त्वाची आहे. मटार, मासे, मांस यांचा पीएच त्याहून जास्त असतो. त्यात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू उरले, तर हवाबंद डब्यात ते रुजतात आणि जीवघेणं विष तयार करतात. उकळत्या पाण्याला हे बीजाणू दाद देत नाहीत. म्हणून असे डबे रिटॉर्टमध्ये, वाफेच्या दाबाखाली १२१ अंश सेल्सिअसला तापवतात आणि डब्याच्या मध्यालाही सुमारे ३ मिनिटांइतका परिणाम पोचेल, याची खात्री करतात.

हापूसच्या रसाचा पीएच ४ च्या आसपास असतो. तिथं हे बीजाणू रुजत नाहीत. उरतात यीस्ट, बुरशी आणि आम्ल सोसणारे काही जिवाणू. त्यांच्यासाठी १०० अंशांपर्यंतची उष्णता साधारणपणे पुरते. फळ जास्त पिकलं की आंबटपणा उतरतो, म्हणून रसाचा पीएच तपासून गरजेप्रमाणे सायट्रिक आम्ल घालतात.

तरीही काम सुरू होतं ते धुण्यापासून. पिकलेली फळं क्लोरीनच्या पाण्यात धुतात, सडकी हातानं वेगळी काढतात. यामागे एक हिशेब आहे. ठरावीक तापमानाला, ठरावीक वेळात, असतील त्यांपैकी साधारण ९० टक्के जंतू मरतात. १० लाखांचे १ लाख होतात, तेवढ्याच आणखी वेळात १० हजार, मग १ हजार. म्हणजे सुरुवातीला जंतू जितके कमी, तितकी तीच उष्णता जास्त खात्रीची. शिवाय बिसोक्लॅमिससारख्या मातीतल्या बुरशीचे बीजाणू ८५-९० अंशही सोसतात. अशांना फळाबरोबर आत येऊच न देणं हाच चांगला उपाय.

पल्परमधून गर चाळून निघाला की तो तापवतात आणि गरम असतानाच डब्यात भरतात. वरच्या जागेतली हवा वाफेनं बाहेर सारली जाते. मग सीमिंग यंत्र झाकणाची आणि डब्याची कड एकमेकांत दुमडून दाबतं. बंद डबे पुन्हा उकळत्या पाण्यात जातात. दाट रसातून उष्णता सावकाश सरकते, त्यामुळे डब्याचा मध्य सगळ्यात शेवटी तापतो. वेळ त्या मध्यावरून ठरते, म्हणून ३.१ किलोच्या डब्याला ८५० ग्रॅमच्या डब्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

आधी बंद करून मग तापवण्याची ही रीत फ्रान्सच्या निकोला आपेरनं रुजवली. त्यासाठी त्याला १८१० साली १२,००० फ्रँकचं बक्षीस मिळालं. पदार्थ का टिकतो, याचा उलगडा मात्र नंतर पाश्चरच्या प्रयोगांनी केला.

थंड करणं हा टप्पा वरवर साधा वाटतो, पण तोच नाजूक. रस फार वेळ गरम राहिला तर रंग काळवंडतो, म्हणून डबे लगेच गार पाण्यात सोडतात. आतली वाफ निवते, पोकळी तयार होते आणि झाकण आत ओढलं जातं. त्याच क्षणी दुमडीत बारीकशी फट असेल तर बाहेरचं पाणी आत शोषलं जातं. इतक्या मेहनतीनं निर्जंतुक केलेल्या रसात एका थेंबातून जंतू शिरू नयेत, म्हणून ते पाणीही क्लोरीन घातलेलं लागतं. डबे ४० अंशांच्या आसपास येताच बाहेर काढतात, म्हणजे अंगच्या उष्णतेनं ते कोरडे होतात आणि गंज चढत नाही.

घरी डबा आणला की आधी झाकण पाहा. ते सपाट किंवा किंचित आत ओढलेलं हवं. फुगलेला डबा चव घेऊनही पाहू नका, सरळ टाकून द्या. उघडलेल्या डब्यातला रस काचेच्या बरणीत काढून फ्रीजमध्ये ठेवा आणि लवकर संपवा. आणि एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: आमरसाला चालते ती उकळत्या पाण्याची रीत मटाराला किंवा माशाला कधीही लावू नका.