खडीची खाण आणि जमिनीखालचें पाणी

शहरांत काँक्रीटची नवी इमारत उभी राहते, तेव्हां कोठें तरी दूर जमिनींत एक खड्डा पडलेला असतो. इमारत सर्वांना दिसते. खड्डा गांवाबाहेर असल्यामुळें फारसा दिसत नाहीं. आणि खड्ड्याच्या तळाखालीं वाहणारें पाणी तर कोणाच्याच दृष्टीस पडत नाहीं. या अदृश्य पाण्याचा सांभाळ कसा करावा, याचा विचार स्वित्झर्लंड या लहानशा देशानें मोठ्या बारकाईनें केला आहे.

त्या देशांतील पिण्याच्या पाण्यापैकीं सुमारें ८० टक्के पाणी झऱ्यांचें व विहिरींचें, म्हणजे जमिनीच्या पोटांतलें असतें. हिमयुगांत आल्प्स पर्वतावरून उतरलेल्या हिमनद्यांच्या वितळत्या पाण्यानें खोऱ्याखोऱ्यांतून गुळगुळीत गोटे व वाळू यांचे जाड थर पसरून ठेवले. हीच तेथील खडी. बांधकामाला ती हवी असते, आणि तिच्याच फटींतून भूजलहि वाहत असतें. एकाच थरावर दोघांचा दावा आला, म्हणजे तंटा ठरलेलाच.

पावसाचें पाणी प्रथम वरच्या मातींत मुरतें. तेथील सूक्ष्म जीव, मुळें आणि मातीचे बारीक कण पाण्यांतील पुष्कळशी घाण अडवितात व पचवितात. स्वयंपाकघरांत गढूळ पाणी दुहेरी फडक्यांतून गाळतात. निसर्गाचें फडकें म्हणजे ही माती. खाण सुरू करणारा पहिल्याच दिवशीं हें फडकें काढून बाजूला ठेवतो. मग यंत्रांतून सांडलेलें तेल खडीच्या मोकळ्या फटींतून भराभर खालीं उतरूं शकतें. खड्डा पाण्याच्या पातळीखालीं गेला, तर तेथें तळेंच होतें आणि मध्यें गाळणी म्हणून कांहींच उरत नाहीं.

म्हणून १९९१ च्या जलसंरक्षण कायद्यानें असें ठरविलें कीं, जें भूजल परिमाणानें व गुणानें पाणीपुरवठ्यास योग्य आहे, त्याच्या पातळीखालीं खडी काढण्यास परवानगी देऊं नये. वर खणावयाचें झाल्यास मध्यें संरक्षक थर राखावा. महत्त्वाच्या भूजलक्षेत्रांसाठीं १९९८ च्या नियमांनीं या थराचें मापहि सांगितलें : दहा वर्षांच्या हिशेबानें येणाऱ्या भूजलाच्या उच्चतम पातळीच्या वर निदान २ मीटर. येथें ‘उच्चतम’ या शब्दालाच खरें मोल आहे. भूजल बारा महिने एकाच रेषेवर राहत नाहीं. अतिवृष्टींत किंवा बर्फ वितळतांना तें वर चढतें. उन्हाळ्यांतील खोल गेलेलें पाणी पाहून ज्यानें तळ ठरविला, त्याचा खड्डा ओल्या वर्षीं पाण्यांत बुडालाच म्हणून समजावें.

परंतु खणण्यापेक्षां भरण्यांत धोका अधिक. रिकामा खड्डा दिसला कीं तेथें कचरा टाकण्याचा मोह होतो. आरगाऊ प्रांतांतील कोलिकेन गांवीं खडीची नव्हे, तर चिकणमातीची एक जुनी खाण होती. चिकणमातींतून पाणी पाझरत नाहीं, या भरंवशावर १९७८ पासून तेथें विषारी औद्योगिक कचरा पुरण्यांत आला. दुर्गंधी सुटली, जवळच्या भूजलाला धोका दिसूं लागला, आणि १९८५ मध्यें ती जागा बंद करावी लागली. पुढें २००७ पासून २०१५ पर्यंत तोच कचरा खणून बाहेर काढण्यांत आला. पन्नास कोटि फ्रँकांहूनहि अधिक खर्च झाला. सात वर्षांच्या सोयीची ही किंमत! जेथें चिकणमातीचा भरंवसा टिकला नाहीं, तेथें सच्छिद्र खडीची कथा काय?

यासाठीं खडीच्या खाणी भरतांना दूषित नसलेली माती-मुरूमच वापरावयाचा असतो. वरची सुपीक माती व तिच्याखालची माती आरंभींच वेगवेगळी रचून ठेवतात, आणि शेवटीं त्याच क्रमानें परत पसरतात. माती ओली असतां जड यंत्र तिच्यावर फिरवीत नाहींत. कारण एकदां दडपली गेली कीं तिची छिद्रें मिटतात आणि पाणी मुरत नाहीं. नंतर कांहीं वर्षें तेथें गवत व लसूणघास वाढवितात, म्हणजे मुळांनीं जमीन पुन्हां मोकळी होते. नियमाचा आग्रह इतकाच कीं, नव्यानें घातलेल्या मातीनें पहिल्या मातीइतकेंच पाण्याचें रक्षण करावें.

वरून हिरवें दिसणारें शेत म्हणजे काम पुरें झालें असें नव्हे. त्या शेताखालच्या विहिरीचें पाणी पूर्वीसारखेंच शुद्ध निघालें, म्हणजेच खड्डा खरोखर बुजला.