एलईडी बसवला की समोरच्याचे डोळे का दिपतात?

लातूरहून चाकूर, अहमदपूर, लोहामार्गे रात्री नांदेडला जाताना समोरून पांढराशुभ्र झोत येतो आणि क्षणभर रस्ताच नाहीसा होतो. उसाच्या हंगामात तर पुढे बिनदिव्याची ट्रॉलीही असू शकते.

हॅलोजन बल्बमध्ये उजेड देते ती तापलेली बारीक तार. मागचा चकचकीत रिफ्लेक्टर त्या तारेची नेमकी जागा धरूनच घडवलेला असतो. जुन्या टॉर्चचं डोकं फिरवून पाहा, बल्ब किंचित पुढंमागं झाला की झोत फुटतो. इथंही तेच. त्यात एच-फोर प्रकारच्या हॅलोजन बल्बमध्ये डिपरच्या तारेखाली पत्र्याची इवलीशी वाटी असते. खाली जाणारा उजेड ती अडवते. नाहीतर तो रिफ्लेक्टरच्या खालच्या भागावरून उसळून थेट समोरच्या चालकाच्या डोळ्यांत गेला असता.

बाजारातल्या एलईडी बल्बमध्ये तारेऐवजी सपाट पट्टीच्या दोन्ही बाजूंना चिप असतात. त्यांची जागा मिलिमीटरभर चुकली तरी उजेड वाट्टेल तिकडं जातो. शिवाय गाडीपुढचा रस्ता लख्ख झाला की आपल्याच डोळ्यांची बाहुली आकसते आणि लांबचं आणखी कमी दिसतं. म्हणजे पैसे मोजून नजर अधू करून घ्यायची!

कंपनीतूनच एलईडी घेऊन आलेल्या गाडीचं वेगळं. तिची रचनाच त्या चिपसाठी केलेली असते.

तुम्ही बल्ब बदलला असेल, तर आज रात्री गाडी भिंतीसमोर उभी करून डिपर लावा. उजेडाची वरची कड स्पष्ट दिसली नाही, तर जुना हॅलोजन परत बसवा.