ओझे वाढले की वारा वाढतो

वाचकहो, नागपूरहून अमरावतीला जाताना आपल्याच वर्धा जिल्ह्यात तळेगाव श्यामजीपंतजवळ सत्याग्रही घाट लागतो. गाठी भरलेला ट्रक हा घाट चढू लागला म्हणजे इंजिनाच्या घरघरीत एक बारीक शीळ मिसळते. तोच ट्रक रिकामा होऊन सपाटीने येताना ती शीळ फारशी ऐकू येत नाही. ही शीळ टर्बोची. ती ओझ्याबरोबर का वाढते, हे समजले तर पुष्कळांचा दुरुस्तीचा खर्च वाचेल.

आधी हवेचा हिशेब पाहू. एक लिटर डिझेल पुरते जळायला सुमारे दहा घनमीटर हवा लागते. म्हणजे दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच अशी खोलीभर हवा. तेल जास्त घातले आणि हवा तेवढीच राहिली, तर उरलेल्या तेलाचा काळा धूर होतो. साधे इंजिन स्वतःच्या ओढीने मिळेल तेवढीच हवा घेते. टर्बो ती आत कोंबतो.

आता कोंबायला जोर कुठून आणायचा? तेलातल्या उष्णतेचा जवळजवळ तिसरा हिस्सा धुराड्यातून फुकट जातो. त्या धुराच्या वाटेवर एक पंख्याचे चाक बसवलेले असते आणि त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला हवा दाबणारे चाक. धूर पहिल्याला फिरवतो, दुसरे हवा दाबते. दांडा मिनिटाला लाखभर फेरेही घेतो. आल्फ्रेड ब्यूची या स्विस इंजिनिअराने 1905 साली या कल्पनेचे पेटंट घेतले.

मर्म असे, की या चाकाला इंजिनाशी जोडणारा पट्टा नाही, दातेही नाहीत. इंजिन किती फेरे घेते यावरच त्याचा वेग ठरत नाही. धूर किती आणि किती तापलेला, यावर ठरतो.

टर्बो असलेला एखादा मोठा ट्रॅक्टर घ्या. हाताच्या दांडीने इंजिन पंधराशे फेऱ्यांवर लावून तो बांधावर नुसता उभा ठेवला, तर तेल थोडेच जळते, धूर कोमट राहतो आणि टर्बो हवा जेमतेम दाबतो. आता तोच ट्रॅक्टर काळ्या जमिनीत रोटाव्हेटर घालून चालवा. फेरे तेवढेच ठेवण्यासाठी गव्हर्नर आपण होऊन जास्त तेल सोडतो. धूर कित्येक पट तापतो. भरल्या ओझ्याखाली तो पाचशे अंशांच्याही वर जाऊ शकतो. चाक जोराने फिरते आणि हवेचा दाब चढतो. फेरे तेच, काटा मात्र वर!

गुरुजींना हे वर्गात दाखवता येईल. कागदाची नागमोडी चकती कापून दोऱ्याने टांगा आणि खाली पुरेसे अंतर राखून एक दिवा ठेवा. चकती हळू फिरेल. आणखी दोन दिवे शेजारी लावा. चकती तीच, पण ती जोरात फिरू लागेल.

मात्र नुसते तेल वाढवून भागत नाही. घाटात वरच्या गिअरमध्येच रेटत राहिले की इंजिनाचे फेरे पडतात. पाय पुरता दाबलेला, तेल भरपूर, पण फेरे कमी म्हणून धुराचा लोटही कमी. टर्बोला तेवढी हवा देता येत नाही. मग काळा धूर, ताप आणि तेलाची नासाडी. जाणता ड्रायव्हर चढाला भिडण्याआधीच गिअर उतरवतो. शिवाय ओझे एकदम आले तरी चाकाला वेग घ्यायला क्षण दोन क्षण लागतातच. वर्ध्यातून मालगाड्या ओढणारी जुनी डब्ल्यूडीएम-2 जातीची डिझेल इंजिने गाडी उचलताना जो काळा लोट सोडत, तो बराचसा याच उशिराचा. ती सोळा सिलिंडरची, 2600 अश्वशक्तीची टर्बोवाली इंजिने. वाराणसीच्या कारखान्यात ती 1964 पासून बनू लागली.

आता खर्चाची गोष्ट. ट्रॅक्टर ओढत नाही म्हणून आपण मिस्त्रीकडे नेतो. तो उभ्या ट्रॅक्टरला न्यूट्रलमध्ये रेस देतो, दाब चढला नाही म्हणतो आणि टर्बो बदलायला सांगतो. बापहो, ओझ्यावाचून दाब फारसा चढतच नसतो! उलटही होते. हवेच्या नळीला बारीक चीर असली तर उभ्या गाडीत ती मिटलेली राहते. भरली ट्रॉली ओढताना दाबाने उघडते आणि हवा बाहेर फुसकते. म्हणून तपासणी ओझे लावूनच करून घ्यावी: ट्रॉली भरून चढावर न्यावी, नाहीतर शेतात अवजार जोडून चालवावे. मिस्त्री कुरकुरला तर कुरकुरू द्यावा.

त्याआधी एक काम घरीच करा. हवेची गाळणी उघडून पाहा. वखरणीच्या दिवसांतली धूळ तिच्यात बसते. रिकाम्या चालीत हवा थोडी लागते, तेव्हा हे जाणवत नाही. ओझ्याखाली जास्त हवा हवी असते, तेव्हाच इंजिन गुदमरते आणि दोष टर्बोवर येतो.

आणि जड काम संपले की लगेच चावी फिरवू नका. दोन-तीन मिनिटे इंजिन मंद चालू द्या. टर्बोच्या दांड्याला ऑइल मिळते ते इंजिनाच्या पंपाकडून. इंजिन थांबले की पंप थांबतो, पण तापलेला दांडा अजून फिरत असतो.