मुंबईचं घड्याळ ३९ मिनिटं मागे का होतं?

ऐकण्यापेक्षा वाचायला आवडणाऱ्यांसाठी, आणि इअरफोन घरी विसरलेल्यांसाठी, हा भाग लिहून काढलाय. बोलताना आकडे भरभर निघून जातात, म्हणून इथे ते नीट मांडलेत. आठवी ते दहावीवाल्यांनो, वही जवळ असेल तर उत्तमच.

एका साध्या प्रश्नाने सुरुवात करू. दुपारचे बारा वाजले की सूर्य सगळ्यात वर असतो, असं आपण लहानपणापासून ऐकतो. पण मुंबईत मोबाईलवर १२:०० दिसतात तेव्हा सूर्य अजून वर चढतच असतो. तो सगळ्यात वर पोहोचतो साधारण १२:३९ ला. मग चूक कोणाची, सूर्याची की मोबाईलची?

चूक कोणाचीच नाही. दोन वेगळ्या वेळा आहेत. एक सूर्य ठरवतो, दुसरी माणसांनी ठरवलीय. पहिली भूगोलाच्या पुस्तकात आहे. दुसरी खरं तर इतिहासाच्या पुस्तकात असायला हवी, कारण तिच्यासाठी मुंबईत चक्क दंगे झालेत.

आधी भूगोल: चार मिनिटांचं गणित

पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी साधारण २४ तासांत पूर्ण करते. एक फेरी म्हणजे ३६० अंश. ३६० ला २४ ने भागा, १५ येतात. म्हणजे एका तासात १५ अंश, आणि एक अंश फिरायला ४ मिनिटं. एवढं एक वाक्य लक्षात ठेवलं तरी पुरे: एक रेखांश, चार मिनिटं.

पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, त्यामुळे पूर्वेकडच्या गावात सूर्य आधी उगवतो. रेखावृत्तं म्हणजे उत्तर ध्रुवापासून दक्षिण ध्रुवापर्यंत काढलेल्या उभ्या रेषा. एका रेखावृत्तावरच्या सगळ्या गावांत सूर्य एकाच क्षणी माथ्यावर येतो. तो आला की त्या गावात मध्यान्ह. यालाच म्हणतात स्थानिक वेळ.

आता आपल्या राज्यावर हे गणित लावू. मुंबई आहे सुमारे ७२.८ अंश पूर्वेला, गडचिरोली सुमारे ८० अंश पूर्वेला. फरक ७.२ अंश. गुणिले चार, म्हणजे जवळजवळ २९ मिनिटं. एकाच राज्यात, एकाच मंत्रालयाखाली, गडचिरोलीची दुपार मुंबईच्या अर्धा तास आधी होते. अख्खा भारत घेतला तर पश्चिम टोक सुमारे ६८ अंशांवर आणि पूर्व टोक ९७ अंशांच्या थोडं पुढे. फरक २९ अंश, म्हणजे जवळपास दोन तास.

मग सगळ्यांच्या मोबाईलवर एकच वेळ कशी? कारण आपण ८२ अंश ३० मिनिटं पूर्व हे रेखावृत्त निवडलं आणि तिथली वेळ सगळ्या देशाची मानली. ते उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जातं. ८२.५ गुणिले ४ बरोबर ३३० मिनिटं, म्हणजे साडेपाच तास. भारत ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे का, याचं उत्तर हे असं पाढ्यात बसतं. नेपाळने ८६ अंश १५ मिनिटांचं रेखावृत्त निवडलं, म्हणून त्यांचं घड्याळ पावणेसहा तास पुढे आहे. करून बघा, बरोबर येईल.

मुंबई या ८२.५ च्या पश्चिमेला ९.७ अंश. गुणिले चार, ३९ मिनिटं. सुरुवातीचे १२:३९ आले ते इथून.

रेल्वे आली आणि गोची झाली

बैलगाडीच्या काळात प्रत्येक गावाची आपापली वेळ होती आणि कोणाचं काही अडत नव्हतं. पुण्याची वेळ मुंबईपेक्षा चार मिनिटं पुढे असली म्हणून कोणाला काय फरक पडणार?

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी सुटली आणि पुढे देशभर रूळ पसरले. आता एकाच रुळावरून दोन गाड्या समोरासमोर येणार असतील, तर कोणी कुठे कधी थांबायचं हे वेळापत्रकच ठरवणार. दोन स्टेशनांची घड्याळं वेगळी चालली तर अपघात ठरलेला. म्हणून रेल्वेने एक वेळ पकडली, मद्रासची. तिथे १७९२ पासून ईस्ट इंडिया कंपनीची वेधशाळा होती, आणि मद्रासची वेळ मुंबई आणि कलकत्ता यांच्या साधारण मधली. ग्रीनिचच्या पुढे मुंबई ४ तास ५१ मिनिटं, मद्रास ५ तास २१ मिनिटं, कलकत्ता ५ तास ५३ मिनिटं.

म्हणजे मुंबईत शहराचं घड्याळ एक आणि रेल्वेचं घड्याळ अर्धा तास पुढे. लोकांनी ते चालवून घेतलं. पण १८८१ मध्ये मुंबईचे गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन (पुण्याचं फर्ग्युसन कॉलेज ज्यांच्या नावाचं, तेच) यांनी सरकारी कामकाजासाठीही मद्रास वेळ लागू केली. शहर वैतागलं. विरोध इतका झाला की १८८३ मध्ये निर्णय मागे घ्यावा लागला.

मधल्या काळात जगाचं ठरत होतं. १८८४ मध्ये वॉशिंग्टनला २५ देशांचे प्रतिनिधी जमले आणि लंडनजवळच्या ग्रीनिचमधून जाणारी रेषा शून्य अंश मानायची असा ठराव झाला. ग्रीनिचच का? विषुववृत्त निसर्गाने दिलंय, पृथ्वीच्या फिरण्यातूनच ते ठरतं. शून्य रेखावृत्ताचं तसं नाही. ते कुठेही काढता येतं. त्या वेळी जगातली बरीच जहाजं ब्रिटिश नकाशे वापरत होती, म्हणून ग्रीनिच. ठरावावर मत देणं फ्रान्सने टाळलं आणि पुढे कित्येक वर्षं ते पॅरिसचीच रेषा धरून बसले. शून्य कुठे ठेवायचं, हा प्रश्न तेव्हाही निव्वळ भूगोलाचा नव्हता.

१ जानेवारी १९०६

या तारखेला ब्रिटिश सरकारने भारतीय प्रमाणवेळ लागू केली. साडेपाच तासांची, आजचीच. मुंबईसाठी याचा अर्थ एका रात्रीत घड्याळ ३९ मिनिटं पुढे.

आज वाटेल, त्यात काय एवढं? समजा तुम्ही गिरणीत कामाला आहात आणि भोंगा सकाळी सहाला होतो. नव्या घड्याळात सहा वाजतात तेव्हा जुन्या घड्याळात वाजलेत ५:२१. सूर्याला नवा कायदा माहीत नाही, तो आपल्या वेळेलाच उगवणार. म्हणजे जानेवारीच्या अंधारात तुम्ही ३९ मिनिटं आधी उठायचं. आणि भोंगा मालकाच्या हातात. नव्या वेळेने आत घेतलं आणि जुन्या वेळेने सोडलं, तर दाद कोणाकडे मागणार? खिशात घड्याळ कुठे होतं?

त्याच महिन्यात मुंबईत हजारो गिरणी कामगार कामावर जायला नकार देऊन बाहेर पडले, गिरण्यांवर दगडफेक झाली. शहरात विरोधाच्या अर्जांवर १५,००० हून जास्त सह्या झाल्या. काळही लक्षात घ्या. ऑक्टोबर १९०५ मध्ये बंगालची फाळणी झाली होती, स्वदेशीची चळवळ पेटली होती. न विचारता प्रांत तोडणाऱ्या सरकारने आता न विचारता वेळही बदलली, अशी भावना होती.

मुंबई महापालिकेनेही आपल्या घड्याळांवर मुंबई वेळच ठेवली. सरकारी कचेरी आणि रेल्वे एका वेळेवर, पालिका दुसऱ्या. कलकत्त्याने आपली वेळ १९४८ मध्ये सोडली. मुंबई वेळ टिकली १९५५ पर्यंत. म्हणजे स्वातंत्र्य मिळून आठ वर्षं झाली तरी या शहरात ‘किती वाजले?’ याला दोन उत्तरं होती. तुमच्या पणजी-पणजोबांनी हा प्रकार अनुभवला असू शकतो.

माझ्या कामातली एक गंमत सांगतो. प्रोग्रामर लोक टाइमझोनचा एक जागतिक डेटाबेस वापरतात. त्यात भारताच्या नोंदीला शहर कोलकात्याचं आहे. त्या नोंदीवर सन १९०० मधली एखादी तारीख टाकली, तर उत्तर ५ तास ३० मिनिटं येत नाही. येतं ५ तास २१ मिनिटं १० सेकंद. ही मद्रास वेळ! रेल्वेचं ते जुनं घड्याळ आजही जगभरच्या सर्व्हरमध्ये बसून आहे. मुंबई वेळ मात्र त्यात नाही, कारण अख्ख्या देशाला मिळून नोंद एकच.

वाद अजून संपलेला नाही

जिकडे मुंबई ओढली गेली, त्याच्या उलट बाजूला ईशान्य भारत आहे. अरुणाचलमधल्या डोंग गावात जूनमध्ये पहाटे साडेचारच्या आत उजाडतं. गुवाहाटीत डिसेंबरमध्ये साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा मुंबईत मावळतीला दीड तास बाकी असतो. ऑफिस मात्र दोन्हीकडे दहाला. म्हणजे सकाळचा उजेड वाया आणि संध्याकाळी दिव्यांचं बिल. आसामच्या चहामळ्यांनी यावर जुनाच उपाय ठेवलाय, ‘बागान टाइम’. घड्याळ एक तास पुढे ठेवायचं आणि कामगारांनी उजेडात काम संपवायचं.

२०१८ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी (देशाची अधिकृत वेळ सांभाळणारी संस्था हीच) दोन प्रमाणवेळांचा प्रस्ताव मांडला. ईशान्येला साडेसहा तास, बाकी देशाला साडेपाच. विरोधातला मुद्दाही वजनदार आहे. सीमेवर प्रत्येक गाडीची वेळ बदलायची, तीही चूक न करता. शिवाय वेगळ्या वेळेने मनंही दुरावतील, अशी भीती. चीनने दुसरं टोक गाठलंय. चार-पाच टाइमझोन बसतील एवढ्या देशात वेळ एकच, बीजिंगची. पश्चिमेकडच्या शिनजियांगमध्ये बरेच लोक आपलं वेगळं, दोन तास मागचं घड्याळ पाळतात.

बरोबर कोण, हे गणिताने सुटणार नाही. एक वेळ ठेवली की सोय सगळ्यांची होते, पण तिची किंमत टोकाला राहणारे देतात. १९०६ मध्ये ती मुंबईच्या गिरणी कामगाराने दिली, आज दिब्रुगडचा शाळकरी मुलगा देतोय. परीक्षेत ‘प्रमाणवेळेचे फायदे लिहा’ आलं तर फायदे जरूर लिहा. पण ‘कोणासाठी?’ हा प्रश्न मनात राहू द्या.

या भागाचा गृहपाठ

मोकळ्या जागेत एक सरळ काठी उभी करा. अकरा-साडेअकराच्या सुमारास सावलीच्या टोकावर खूण करा, मोबाईलवरची वेळ लिहा. काठी मध्यभागी धरून त्या खुणेतून जाणारं वर्तुळ काढा. सावली आधी आखूड होईल, मग वाढत जाऊन पुन्हा वर्तुळाला टेकेल. ती वेळ लिहा. दोन्ही वेळांचा मध्य म्हणजे तुमच्या गावची खरी मध्यान्ह.

उदाहरणार्थ, ११:४० आणि १:३८. मध्य १२:३९. बारानंतरची ३९ मिनिटं भागिले चार, ९.७५ अंश. ८२.५ मधून वजा केले, ७२.७५. बघा, काठी आणि दोरीने मुंबईचं रेखांश सापडलं! पुण्यात मध्य १२:३५ च्या आसपास यावा, छत्रपती संभाजीनगरला १२:२९, नागपूरला १२:१४.

एक पथ्य. पृथ्वीची कक्षा लंबगोल आहे आणि अक्ष कललेला, त्यामुळे मध्यान्ह वर्षभरात पाव तासापर्यंत पुढे-मागे सरकते. हा फरक जवळजवळ शून्य असतो १५ एप्रिल आणि २५ डिसेंबरच्या आसपास, म्हणून प्रयोग तेव्हा करा. नाताळच्या सुट्टीत गच्ची मोकळीच असते.

तुमच्या गावचा आकडा किती आला ते नक्की कळवा. गडचिरोली, सिंधुदुर्ग, पणजी, बेळगाव, जिथून ऐकताय तिथून. पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत काळजी घ्या, आणि कोणी ‘बरोबर बारा वाजले’ म्हणालं की विचारा, कुठले?