हौशी बिनतारीवाल्यांची रीत

एकाच लहरीवर दोघे हौशी बिनतारीवाले एकदम बोलूं लागले, कीं कोणाचेंच धड ऐकूं येत नाहीं. म्हणून आधीं कान द्यावा, मग ‘क्यूआरएल’ या संकेतानें जागा रिकामी आहे काय, हें विचारावें. अमेरिकेंतील पॉल सीगल यांनीं १९२८ सालीं या छंदाची आचारसंहिता लिहिली. गृहस्थ वकील, तरी कलमें अवघीं सहाच! दुसऱ्याचा आनंद जाणूनबुजून उणा करूं नये, हें पहिलें. मला मात्र मैत्रीचें कलम अधिक मोलाचें वाटतें: नवख्यानें विनविल्यास निष्णातानें वेग कमी करावा. ‘क्यूआरएस’, म्हणजे ‘हळू पाठवा’, असें म्हणण्यांत तेथें कमीपणा नाहीं. वर्गांत हें धैर्य किती मुलांस होतें? मुद्दाम अडथळा आणणाऱ्याशीं जाणते हुज्जत घालीत नाहींत. उत्तरानें गोंगाटच वाढतो, म्हणून न ऐकल्यासारखें करून आपलें संभाषण चालू ठेवतात.