एका अक्षराची मेंढी, आणि नीरा-भीमेकाठच्या आणखी काही नवलकथा

बारामतीतल्या कुठल्याही प्रसूतिगृहात आज जन्मलेलं बाळ घ्या. नाक आजोबांचं की मामाचं, याचा निकाल बारशापर्यंत लागेलच. पण त्याच्या डीएनएत साधारण 60 ते 70 बदल असे आहेत, जे ना आईकडे होते ना बापाकडे. आईकडून तीन अब्ज आणि बापाकडून तीन अब्ज अक्षरं येतात. एवढ्या मजकुराची नक्कल करताना पेशीच्या हातून एखाददुसरं अक्षर चुकतं. बापाचं वय जास्त, तर चुकाही थोड्या जास्त. बहुतेक चुकांनी काहीच बिघडत नाही, काही जिवावर बेततात आणि फार क्वचित एखादी चूक कामाला येते. उत्क्रांतीला लागणारा सगळा कच्चा माल शेवटी या चुकांतूनच येतो. बारामती आणि इंदापूर तालुक्यांत तो मेंढरांच्या वाड्यात, उजनी धरणाच्या पाण्यावर आणि द्राक्षाच्या मांडवाखाली बघायला मिळतो.

जुळ्या कोकरांचं अक्षर

दिवाळीनंतर फलटण-बारामतीकडचे धनगरांचे वाडे कोकणाकडे उतरू लागतात. त्यांची दख्खनी मेंढी काटक. उन्हातान्हात मैलोन्‌मैल चालते, काट्याकुट्यावर भागवते. पण एका वेताला ती बहुधा एकच कोकरू देते.

तिकडे बंगालच्या सुंदरबनात गरोल नावाची लहानखुरी मेंढी आहे. दलदलीत चरणारी आणि सर्रास जुळी, कधी तिळी देणारी. तिचं रहस्य एका जनुकातल्या एका अक्षरात आहे. ‘ए’च्या जागी ‘जी’ आलं आणि त्यामुळे एका प्रथिनात 249व्या जागी ग्लुटामिनऐवजी आर्जिनिन बसलं. बस, एवढंच! या बदलामुळे मेंढीच्या बीजकोशातून एका माजाला एकाऐवजी दोन-तीन बीजं पक्व होऊन सुटतात. या बदलाला ‘फेक-बी’ म्हणतात.

गंमत अशी, की तो सापडला ऑस्ट्रेलियात. तिथल्या ‘बुरुला’ नावाच्या फार्मवर मेरिनो मेंढ्यांचा एक कळप भरमसाट कोकरं द्यायचा. 2001 मध्ये शास्त्रज्ञांनी त्यामागचं अक्षर पकडलं आणि लगेच लक्षात आलं, की गरोल मेंढीतही हेच अक्षर आहे. 1792-93 च्या सुमारास कलकत्त्याहून बंगाली मेंढ्या जहाजाने ऑस्ट्रेलियात गेल्या होत्या. त्यांच्यासोबत हे अक्षरही समुद्र ओलांडून गेलं असणार.

ते आपल्याकडे आणलं फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने. बनबिहारी निंबकरांनी 1968 मध्ये काढलेली ही संस्था बारामतीहून तासाभराच्या आत. तिथे गरोलचा दख्खनीशी संकर झाला आणि पुढच्या प्रत्येक पिढीत पुन्हा दख्खनी रक्त मिसळत नेलं. अंगलट दख्खनीची, काटकपणा दख्खनीचा, आणि गरोलकडून मुख्यतः ते एक अक्षर. कोणत्या कोकरात ते उतरलंय, हे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या मदतीने डीएनए तपासून ठरवलं गेलं. या मेंढीचं नाव ‘नारी सुवर्णा’.

मला यात सगळ्यात मोलाचा वाटतो तो पुढचा प्रश्न: हे अक्षर ‘चांगलं’ आहे का? पाऊसपाणी बरं असेल आणि मेंढीच्या तोंडी थोडा खुराक पडत असेल, तर जुळं म्हणजे चक्क दुप्पट उत्पन्न. पण दुष्काळात, मुक्कामामागून मुक्काम चालणाऱ्या मेंढीला दोन कोकरांपुरतं दूध कुठून येणार? तेव्हा एकुलतं कोकरूच तगतं. अक्षर तेच, फक्त वर्ष बदललं की त्याची किंमत बदलते. निसर्गाची निवड म्हणतात ती हीच.

हिमालय ओलांडणारं रक्त

हिवाळ्यात भिगवणला, कुंभारगावला होडीतून फिरलात, तर डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले राखी हंस दिसतील. हे पट्टकादंब. उन्हाळ्यात तिबेट-मंगोलियाकडे वीण आणि थंडीत उजनीचा फुगवटा. मधे हिमालय! पाठीवर ट्रान्समीटर लावलेला एक पट्टकादंब 7,290 मीटर उंचीवर उडताना नोंदला गेला आहे.

तिथल्या विरळ हवेत प्राणवायू ओढून घ्यायला त्यांचं हिमोग्लोबिन खास आहे. त्यातला सगळ्यात गाजलेला बदल म्हणजे अल्फा साखळीत 119व्या जागी प्रोलिनऐवजी ॲलनिन. साखळ्यांमधला एक सांधा त्याने सैल होतो आणि प्राणवायू जास्त घट्ट धरला जातो. 1991 मध्ये शास्त्रज्ञांनी हाच बदल माणसाच्या हिमोग्लोबिनमध्ये करून पाहिला, तर त्याचीही पकड वाढली. आणि दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वतावर राहणाऱ्या हंसात तोच सांधा दुसऱ्या बाजूने, बीटा साखळीतून, सैल झालेला आहे. दोन खंड, दोन वेगळ्या चुका आणि उपयोग एकच!

गुलाबी, पण जनुकामुळे नाही

त्याच पाण्यात रोहित पक्षीही उतरतात, फ्लेमिंगो. त्यांचा गुलाबी रंग शेवाळ आणि बारीक जीवांतून मिळणाऱ्या रंगद्रव्याचा. पिल्लू राखाडी असतं. खाणं बदललं की रंग फिका पडतो. असा फरक पुढच्या पिढीत उतरत नाही, म्हणून उत्क्रांतीच्या खात्यात तो जमा होत नाही.

उडी मारणारं जनुक

इंदापूरच्या बागेतला हिरवा द्राक्षघड हा मुळात काळ्या द्राक्षाचा बिघाड आहे. डीएनएचे काही तुकडे जागा सोडून दुसरीकडे जाऊन बसतात. फार पूर्वी असाच एक तुकडा द्राक्षवेलीच्या रंग चालू करणाऱ्या जनुकात घुसला. शेजारच्या जोडीदार जनुकातही बिघाड झाला आणि साल रंगायची थांबली. थॉमसन सीडलेसचा बिनबियांचा गुणही असाच दुसऱ्या एका जनुकातल्या बदलातून आलेला.

वेलीची तर आणखी एक तऱ्हा. बदल बियाण्यातच व्हावा असं नाही, एखाद्या डोळ्यातही होतो. अख्खा वेल एकसारखा आणि एकाच काडीवरचे मणी लांबट! अशाच वेगळ्या काड्या शेतकऱ्यांच्या नजरेने हेरल्या. तासगावजवळच्या बोरगावात ‘तास-ए-गणेश’ आणि सोलापूरजवळच्या नान्नजला ‘सोनाका’ हे वाण थॉमसनमधून असेच निवडले गेले.

शंभरावर गुणसूत्रं

माणसाची गुणसूत्रं 46. माळेगाव-सोमेश्वरच्या शिवारात उभ्या असलेल्या उसाची 100 ते 130! गोड, जाड ऊस आणि चिवट रानऊस यांचा संकर कोइमतूरला 1912 मध्ये झाला आणि त्यातून ‘को 205’ आला. आजच्या उसात साधारण दहा-पंधरा टक्के गुणसूत्रं रानाकडची आहेत. रोगाशी झुंजायचं बळ बरंचसं तिकडून येतं.

इथल्या शेतकऱ्याच्या तोंडी असलेला को 86032 हाही संकरच, को 62198 आणि कोसी 671 यांचा. पाडेगावच्या संशोधन केंद्रातून तो महाराष्ट्रात आला, ‘नीरा’ या नावाने. पण लावण होते ती टिपरीने. तुऱ्यातल्या बियांत गुणसूत्रांची नवी जुळवाजुळव होते, टिपरीत होत नाही. म्हणून हजारो एकरांवर एकच ऊस पुन्हा पुन्हा उगवतो.

डाळिंबाचंही तेच. भगवाची रोपं गुटीने केलेली, म्हणजे इंदापूरपासून सांगोल्यापर्यंत जणू एकच झाड. तेल्या रोगाच्या जिवाणूला एका बागेत शिरकाव मिळाला, की पुढच्या बागेत त्याला नवं काही शिकावं लागत नाही. जिवाणू मात्र दिवसातून कितीतरी वेळा दुभंगतो आणि प्रत्येक दुभंगण्यात त्याला नव्या चुकांची संधी मिळते. ही लढत बरोबरीची नाही, आणि फवारणी वाढवून ती बरोबरीची होणारही नाही.

चिंकारा आणि लांडगा

सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं. अशा तुकड्यांत अडकलेल्या चिंकाऱ्यांच्या छोट्या कळपात कोणतं जनुक टिकणार, हे गुणापेक्षा नशिबावर ठरू लागतं. एक नर रस्त्यावर मेला, की त्याच्याकडची वेगळी अक्षरंही जाऊ शकतात. कडबनवाडीसारखी गवताळ रानं एकमेकांना जोडलेली हवीत, ती यासाठी.

लांडग्याची गोष्ट उलटी. त्याच्यात बाहेरून नको ते येतंय. पुण्याजवळच्या माळरानांवर लांडगा आणि गावातलं कुत्रं यांचा संकर झाल्याचं 2023 मध्ये जनुकीय तपासणीतून सिद्ध झालं. भारतीय लांडग्याचा वंश जगातल्या सगळ्यात जुन्या लांडगावंशांपैकी एक. लाखो वर्षांत साठलेला त्याचा वेगळेपणा मोकाट कुत्र्यांच्या रक्तात विरघळू नये, असं मनापासून वाटतं.

बागायतदारांसाठी

एखाद्या काडीवर वेगळा घड दिसला, तर तिला रंगीत फीत बांधा आणि छाटणीत तोडू नका. तिच्या डोळ्यांवरून दुसऱ्या खुंटावर कलम करा आणि दोन हंगाम वाट पाहा. वेगळेपणा नाहीसा झाला, तर ती करामत खताची, पाण्याची किंवा उन्हाची होती. तसाच्या तसा पुन्हा आला, तर बदल जनुकात आहे. मग 2001 च्या वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याखाली शेतकऱ्याला तो वाण स्वतःच्या नावावर नोंदवता येतो.